आवाज नेमका कुठून कमी-जास्त करायचा? ॲपमधून, विंडोजमधून की स्पीकरच्या बटणावरून?

सुरपेटी | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. मी पार्ल्यात गाणं शिकवते. २०२० च्या टाळेबंदीत शिकवणी संगणकावर आली आणि निम्मी तिथेच राहिली. काही मुली लग्न होऊन लांब गेल्या, काहींना संध्याकाळच्या लोकलमधून यायला जमत नाही. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस मी संगणकासमोर बसून शिकवते.

विंडोज ११ आहे. दोन छोटे स्पीकर आहेत, उजव्यावर आवाजाचं गोल बटण आहे. तानपुऱ्याचं एक ॲप आणि मुलींशी बोलायला मीटिंगचं ॲप, एवढंच लागतं.

अडचण अशी आहे. तानपुरा लावून, नीट जुळवून बसते. मुलगी जोडली गेली की तानपुरा एकदम तळाला जातो. बंद पडत नाही, पण कुठे तरी लांब वाजल्यासारखा होतो. मग मी तानपुऱ्याच्या ॲपमधली पट्टी वर नेते (इथे पट्टी म्हणजे काळी-पांढरी नव्हे, पडद्यावरची सरकती), तरी भागत नाही म्हणून स्पीकरचं बटण फिरवते. शिकवणी संपून कॉल बंद केला की तोच तानपुरा घरभर घुमतो. पलीकडे आजोबा झोपलेले असतात, मधली भिंत एकच. परवा ते दचकून उठले आणि मला फार वाईट वाटलं.

शिवाय मला आवाजाच्या चार जागा दिसतात. तानपुऱ्याच्या ॲपमधली पट्टी, विंडोजच्या मिक्सरमधली त्याच ॲपची पट्टी, खाली उजव्या कोपऱ्यातली मुख्य पट्टी आणि स्पीकरचं बटण. यातलं पूर्ण काय ठेवायचं आणि कमी-जास्त कुठे करायचं? चारही अर्ध्यावर ठेवून पाहिलं तर तानपुरा पुचाट लागतो आणि मागे सूं असा आवाज येतो. जवारीचा झणत्कार ऐकू आला नाही तर माझाच सा डगमगतो, मुलींना काय सांगू?

---

घाटकोपरचा_विनू | रविवार, सकाळी ११:४१

वाचतोय. माझ्याकडे सिनेमा पाहताना संवाद ऐकू येत नाहीत आणि मध्येच विंडोजची घंटी कानठळ्या बसवते. त्याचंही उत्तर इथेच मिळेल असं वाटतं.

---

टेपवाला | रविवार, दुपारी १:०५

ताई, मी अंधेरीला डबिंगच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करतो. तुमच्या चार जागांबद्दल आधी सांगतो. कॉल आला की तानपुरा का पडतो ते वेगळं प्रकरण आहे.

या चारही जागा एकामागोमाग एक आहेत आणि त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आपल्या इमारतींतल्या पाण्यासारखं समजा. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह, मजल्याचा व्हॉल्व्ह आणि शेवटी मोरीतला नळ. मजल्याचा व्हॉल्व्ह कुणी अर्धा पिळून ठेवला असेल तर मोरीतला नळ तुम्ही कितीही सोडा, धार बारीकच येणार.

आकड्यांत बघू. सरळ गुणाकार धरला तर तीन पट्ट्या अर्ध्यावर म्हणजे ०.५ × ०.५ × ०.५ = ०.१२५. मूळ सिग्नलचा आठवा भाग उरला. आमच्या भाषेत १८ डेसिबल खाली. कान मात्र वेगळ्या हिशेबाने ऐकतो. साधारण १० डेसिबल खाली आलं की त्याला आवाज निम्मा झाला असं वाटतं. म्हणून १८ डेसिबल खाली म्हणजे ऐकायला सुमारे साडेतीन पट हळू. (पडद्यावरचे ५० टक्के म्हणजे आत नेमके किती, हे प्रत्येक ॲप आपापल्या पद्धतीने ठरवतं. काही सरळ प्रमाणात, काही वक्र लावून. त्यामुळे एका ॲपच्या पन्नासाची दुसऱ्याच्या पन्नासाशी तुलना करू नका.)

आता तुमचा सूं. संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून गाण्यासोबत थोडा आपला स्वतःचा सूक्ष्म आवाजही बाहेर येतो. पट्ट्या खाली ओढल्या तरी तो तेवढाच राहतो. तुम्ही तानपुरा आठव्या भागावर आणला आणि मग तो ऐकू यावा म्हणून स्पीकरचं बटण वर फिरवलं. बटणाला तानपुरा आणि सूं यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही वाढवतं. म्हणून सूं १८ डेसिबलने वर आला.

उलट करा. तानपुऱ्याच्या ॲपमधली पट्टी पूर्ण, मिक्सरमधली त्याची पट्टी पूर्ण, विंडोजची मुख्य ८०-९० च्या आसपास आणि स्पीकरचं बटण अगदी खाली. मग बटण हळूहळू वर आणा. पुरेसं झालं की तिथेच थांबा. मुख्य पट्टीत थोडी जागा मुद्दाम ठेवली आहे, एखादं रेकॉर्डिंग फारच हळू असलं तर वर न्यायला.

एक गैरसमज जुना आहे म्हणून लिहितो. ‘विंडोजमधून आवाज कमी केला की दर्जा जातो’ असं खूप जण सांगतात. दर ६ डेसिबलला एक बिट (आवाज आकड्यांत किती बारकाईने लिहिला आहे त्याचं माप) जातो हा हिशेब १६ बिटच्या दिवसांत खरा होता. आता विंडोजच्या आत मिश्रण ३२ बिट फ्लोटमध्ये होतं आणि बाहेरची चिप बहुधा २४ बिटची असते. त्या भीतीने पट्टीला हात न लावण्याचं कारण नाही. खरं कारण सूं हेच.

---

लॅमिंग्टन_रोड | रविवार, दुपारी ३:३०

टेपवाल्यांनी साखळी छान उलगडली. कॉल आल्यावर तानपुरा पडतो ते मी सांगतो. ग्रँट रोडला माझं वीस वर्षं दुरुस्तीचं दुकान होतं. ही तक्रार घेऊन लोक चक्क स्पीकर बदलायला यायचे.

ताई, ते मुद्दाम केलेलं आहे. विंडोज ७ पासून अशी सोय आहे की एखाद्या ॲपने ‘मी बोलण्यासाठी आवाज वापरतोय’ असं विंडोजला कळवलं, की बाकी सगळ्यांचा आवाज आपोआप उतरवला जातो. हेतू चांगला आहे. फोन आला की आपण रेडिओ बारीक करतो तसा. आणि न सांगता ठरलेली कपात ८० टक्क्यांची आहे. ऑफिसातल्या माणसाला ती हवीशी वाटते. तुमचा तानपुरा मात्र मागे वाजणारा रेडिओ नाही, शिकवणीचा आधार आहे, हे विंडोजला कळायला मार्ग नाही.

बदलायचं असं. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा, साउंड सेटिंग्ज उघडा. अगदी तळाशी जा, तिथे ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे. ते दाबलं की जुन्या वळणाची छोटी खिडकी येते. तिच्यात प्लेबॅक, रेकॉर्डिंग, साउंड्स, कम्युनिकेशन्स असे चार टॅब. शेवटच्यात चार पर्याय आहेत: बाकी सगळे आवाज बंद, ८० टक्के कमी, ५० टक्के कमी आणि ‘डू नथिंग’. शेवटचा निवडा, ओके करा. कॉल चालू असेल तर एकदा बंद करून पुन्हा लावा.

विनूभाऊ, तुमची घंटी. त्याच चित्रावर उजवं बटण, ‘ओपन व्हॉल्यूम मिक्सर’. तिथे प्रत्येक ॲपची पट्टी आहे आणि ‘सिस्टम साउंड्स’ची वेगळी. ती खाली आणा, सिनेमाला धक्का लागत नाही. मात्र ज्या ॲपने अजून काहीच वाजवलेलं नाही ते यादीत दिसत नाही. आधी वाजवा, मग शोधा.

आणखी एक. एखाद्या ॲपची पट्टी तिथे एकदा खाली नेली की विंडोज ते लक्षात ठेवतं. संगणक बंद करून चालू केला तरी ती तशीच. ‘सगळं वाजतं पण हा एकच प्लेअर हळू वाजतो’ असं म्हणत आलेल्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडे कधी काळी कुणी ओढलेली आणि विसरलेली ही पट्टीच निघायची. त्याच पानावर खाली रीसेट आहे, सगळ्या पट्ट्या मूळ जागी जातात.

हे वेगवेगळ्या ॲपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचं प्रकरण पूर्वी नव्हतं. जुन्या विंडोज एक्सपीमध्ये स्पीकरच्या चित्रावर डबल क्लिक केलं की वेव्ह, एसडब्ल्यू सिंथ, सीडी, लाइन इन अशा पट्ट्या उघडायच्या. त्या ॲपच्या नव्हत्या, आवाज कुठल्या वाटेने येतो त्या वाटांच्या होत्या. सीडीची पट्टी तर खरोखरच्या तारेची होती. सीडी ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डाला चार पिनांची एक बारीक वायर जायची. ती जोडायची राहिली तर ऑडिओ सीडी फिरायची आणि आवाज नाही. मी अशा शेकडो जोडल्या असतील. बाकी जे काही वाजायचं ते वेव्हमधून. एखाद्या प्लेअरने आपला आवाज कमी केला की बऱ्याचदा तो सगळ्यांची वेव्हची पट्टी खाली ओढायचा. गाणं हळू केलं म्हणून खेळही हळू. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं तेव्हा आतली सगळी आवाजाची यंत्रणा नव्याने लिहिलेली होती आणि प्रत्येक ॲपला आपली स्वतंत्र पट्टी मिळाली. व्हिस्टाला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, पण ही गोष्ट त्याने दिली आणि आजवर टिकली आहे.

---

सुरपेटी | रविवार, रात्री ९:१५

दादा, काका, दोघांचे मनापासून आभार. ‘डू नथिंग’ केलं. आत्ता डोंबिवलीच्या मुलीला खास कॉल लावायला सांगितला. ती जोडली गेली, बोलू लागली आणि तानपुरा होता तिथेच राहिला. चार वर्षं मी रोज हे बटण फिरवत होते.

सूंही गेला. पट्ट्या वर, बटण खाली.

पण आता तिचं म्हणणं असं की तिला माझा तानपुरा ऐकूच येत नाही. माझा आवाज स्वच्छ येतो, तानपुरा मध्येच येतो आणि विरतो. इथे तर खणखणीत वाजतोय. आणखी वाढवू का?

---

टेपवाला | रविवार, रात्री १०:०२

वाढवू नका ताई, उपयोग होणार नाही.

मीटिंगचं ॲप दोन गोष्टी करतं. तुमच्या स्पीकरमधून जे बाहेर पडलं ते माइकमधून परत आलं तर ते ओळखून काढून टाकतं, नाहीतर समोरच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू आला असता. तानपुरा त्याच संगणकातून वाजतोय, म्हणून तोही छाटला जातो. दुसरं, एकसारखा चालणारा आवाज दिसला की त्याला पंखा किंवा एसी समजून दाबतं. तानपुऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कुठला? दोन्ही छाटण्या आवाजाच्या पातळीवर अवलंबून नाहीत.

झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ असा पर्याय आहे, तो अशाच कामासाठी आहे. तो चालू केला आणि त्याच्या सेटिंगमधली ‘एको कॅन्सलेशन’ची खूणही काढली की ही छाटणी थांबते. पण मग तुम्ही हेडफोन लावायला हवा, नाहीतर मुलीचा आवाज तुमच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरेल. सोपा उपाय हवा असेल तर मुलीने तिच्या बाजूला तिचा तानपुरा लावावा. नाहीतरी तुमच्याकडचा तानपुरा तिच्यापर्यंत थोडा उशिरा पोचतो. स्वर धरायला जवळचा तानपुराच बरा.

---

मुलुंडचा_पेंग्विन | सोमवार, सकाळी ८:१०

लिनक्सवाल्यांसाठी थोडं, कारण तिथे ॲप आणि सिस्टम यांचं नातं काही काळ अगदी वेगळं होतं.

पल्सऑडिओने (लिनक्सवर आवाज सांभाळणारी यंत्रणा) २००९ मध्ये ०.९.१५ या आवृत्तीत ‘फ्लॅट व्हॉल्यूम्स’ आणलं. कल्पना अशी की गुणाकार नकोच. जे ॲप सगळ्यात मोठं वाजतंय, त्याचा आवाज हाच सिस्टमचा आवाज. कागदावर सुटसुटीत वाटतं. पण एखाद्या ॲपने स्वतःला १०० टक्क्यांवर नेलं की ते सिस्टमची पट्टीही सोबत १०० वर घेऊन जायचं. मी रात्री हेडफोन लावून मुख्य पट्टी २० वर ठेवून वाचत बसलो होतो. एका पानावर व्हिडिओ आपोआप सुरू झाला, त्याने पूर्ण आवाज मागितला आणि त्याला तो मिळाला. कानातून कळ गेली. हेडफोन फेकूनच दिला मी. त्या दिवसापासून कुणाच्याही मशीनला हात लावला की पहिली तपासणी हीच.

उबुंटू या लिनक्सच्या तयार संचाने (वितरणाने) हे आधीच बंद करून दिलं होतं. काही वितरणांत चालू होतं. तुमच्याकडे जुनं पल्सऑडिओ असेल तर त्याच्या डीमन डॉट कॉन्फ या फाइलीत फ्लॅट-व्हॉल्यूम्सच्या पुढे ‘नो’ लिहा आणि पल्सऑडिओ पुन्हा सुरू करा. नव्या मशीनवर पल्सऑडिओच्या जागी बहुधा पाइपवायर असतं (फेडोरा या वितरणाने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून तेच ठेवलं), त्यात हा प्रकार नाही.

टेपवाल्यांच्या वक्राबद्दलही: पल्सऑडिओत पट्टीचा घन घेतात. ५० टक्के म्हणजे ०.५ चा घन, ०.१२५, म्हणजे एकाच पट्टीत १८ डेसिबल खाली. त्यांच्या तीन पट्ट्यांचं काम इथे एकटी करते. ॲप ५० वर आणि सिस्टम ५० वर असेल तर ३६ डेसिबल गेले. ‘लिनक्सवर आवाज हळू येतो’ म्हणणाऱ्यांनी आधी पाव्हूकंट्रोल हे तिथलं मिक्सरचं ॲप उघडून दोन्ही जागा बघाव्यात. तिथे टक्क्यांसोबत डेसिबलही लिहून येतात.

---

कानात_तार | सोमवार, सकाळी ९:२६

टेपवाल्यांशी माझा थोडा मतभेद आहे. मुख्य पट्टी ८०-९० वर ठेवा हे स्पीकरला ठीक. मी बोरिवली ते चर्चगेट रोज लॅपटॉपवर काम करत जातो, कानात साधा तारेचा इयरफोन. त्याला बटण नाही. मी ८० वर ठेवलं आणि एखादं ॲप अचानक पूर्ण आवाजात सुरू झालं तर पेंग्विनभाऊंसारखीच कळ येणार. मी उलट करतो. ॲप सगळी पूर्ण आणि विंडोजची मुख्य २५ ते ३०. कुठल्याही ॲपने काहीही केलं तरी त्याच्या वर जाऊ शकत नाही.

गाडीत बाहेरचा गोंगाट मोठा असतो म्हणून आपण वाढवत जातो आणि उतरल्यावर तसंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. रोजचा जाता-येता प्रवास धरला तर हे तास फार लवकर भरतात.

---

टेपवाला | सोमवार, सकाळी १०:४०

मतभेद नाहीच, तुमचं पूर्ण बरोबर आहे. मी स्पीकरपुरतं बोलत होतो, ते स्पष्ट लिहायला हवं होतं. कानाच्या सगळ्यात जवळचा जो नळ, त्यावरून कमी करायचं. स्पीकरला तो बटणात आहे. तारेच्या इयरफोनला तो विंडोजच्या मुख्य पट्टीत आहे. त्याच्या मागचे सगळे पूर्ण उघडे.

पण ‘पूर्ण’ म्हणजे १०० पर्यंतच. व्हीएलसी या प्लेअरमध्ये पट्टी १२५ पर्यंत जाते, पाव्हूकंट्रोलमध्ये १५३ पर्यंत, म्हणजे ११ डेसिबल वर. हळू रेकॉर्ड झालेल्या जुन्या मैफलीला ते वरदान आहे. आधीच भरभरून रेकॉर्ड झालेल्या गाण्याला मात्र तो पाइपला लावलेला पंप आहे, पाण्याबरोबर गाळही खेचतो. आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि तार सप्तकातला स्वर फाटतो. एकदा फाटला की पुढे मुख्य पट्टी कितीही खाली आणा, फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो.

---

प्रभादेवीची_रेवा | सोमवार, दुपारी १२:१५

मॅकवाले कुणी आहेत का? मी मॅक एचडीएमआयने टीव्हीला जोडते, बाबांना नाटकं दाखवायला. जोडलं की कीबोर्डवरून आवाज कमी-जास्त होतच नाही, पडद्यावर काट मारलेलं चित्र येतं. बिघडलंय का?

---

लॅमिंग्टन_रोड | सोमवार, दुपारी १२:५०

बिघडलेलं नाही. एचडीएमआयवर मॅक आवाज पूर्ण पाठवतो आणि कमी-जास्त करणं टीव्हीवर सोडतो. टीव्हीचा रिमोट घ्या. व्हीएलसीसारख्या प्लेअरमधली पट्टी मात्र चालेल, कारण ती मॅकच्या आधीची.

मॅकमध्ये विंडोजसारखी ॲपवार पट्ट्यांची सोय मुळात नाही. ‘बॅकग्राउंड म्युझिक’ नावाचं एक मोफत ॲप ती देतं. आणि इयरफोनवर बारीक फरक हवा असेल तर ऑप्शन आणि शिफ्ट धरून आवाजाची कळ दाबा. एरवी १६ पायऱ्या असतात, तेव्हा एका पायरीचे चार भाग होतात.

---

घाटकोपरचा_विनू | सोमवार, संध्याकाळी ६:३०

सिस्टम साउंड्स खाली आणलं. घंटी गेली, फार बरं वाटलं. एक विचारतो. ब्लूटूथचा हेडफोन लावला की विंडोजची पट्टी आणि हेडफोनवरची कळ कधी एकत्र हलतात, कधी वेगवेगळ्या. माझ्या जुन्याला दोन्हीकडे वाढवावं लागतं, नव्याला एकीकडेच.

---

मुलुंडचा_पेंग्विन | सोमवार, संध्याकाळी ७:०५

नव्यात ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ आहे. संगणक सिग्नल पूर्ण पाठवतो आणि सोबत फक्त आकडा कळवतो, कमी करण्याचं काम हेडफोन करतो. दोन नळांचा एकच झाला. जुना हेडफोन तो आकडा समजत नाही, म्हणून दोन नळ राहतात. जुन्याला विंडोजची पट्टी पूर्ण ठेवा आणि हेडफोनच्या कळेने भागवा. काही हेडफोन आकडा घेतात पण चुकीचा लावतात, पहिल्या दोन पायऱ्यांतच फार मोठे होतात. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून ही सोय बंद करता येते.

---

कानांनी_वाचतो | सोमवार, रात्री ८:४५

मी पूर्ण अंध आहे, फोर्टात एका बँकेच्या शाखेत काम करतो. धागा सकाळपासून ऐकतोय. एक बाजू इथे आली नाही म्हणून लिहितो.

तुमच्यासाठी आवाज शून्य झाला तर गाणं थांबतं. माझ्यासाठी पडदाच जातो. मी एनव्हीडीए हे पडदावाचक वापरतो आणि त्याचा बोलण्याचा आवाज विंडोजच्या दृष्टीने दुसऱ्या कुठल्याही ॲपसारखाच एक. तोच मिक्सर, तीच मुख्य पट्टी. एकदा जेवून परत आलो तर मशीन गप्प. कळ दाबतो, उत्तर नाही. मला वाटलं बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, तरी गप्प. समोर गिऱ्हाईक उभं. शेवटी शेजारच्या सहकाऱ्याने पाहून सांगितलं की पट्टी शून्यावर आहे. कुणीतरी माझ्या जागेवर बसून फोन केला होता आणि मशीन मध्ये बोलू नये म्हणून सहज आवाज शून्य केला होता. त्यात वाईट हेतू नव्हता. पण ती वीस मिनिटं मी काहीच करू शकत नव्हतो.

तेव्हापासून माझ्यासारख्यांना मी हेच सांगतो की मशीन गप्प झालं तर आधी कीबोर्डवरची आवाज वाढवायची कळ पंचवीसदा दाबा. एका दाबाला विंडोज २ ने वाढवतं, म्हणजे शून्यावर असेल तर ५० वर येतं. त्यानंतरही गप्प असेल तरच मशीन पुन्हा सुरू करायचा विचार.

आणि डोळस सहकाऱ्यांना विनंती, आमचं मशीन गप्प करायचं असेल तर विचारा, आम्ही लगेच थांबवतो.

लॅमिंग्टन रोड काकांनी सांगितलेल्या कपातीसारखंच एनव्हीडीएमध्येही आहे, ते बोलतं तेव्हा बाकीचे आवाज उतरवतं. एनव्हीडीएची कळ (बहुधा इन्सर्ट), शिफ्ट आणि डी या कळांनी ते चालू-बंद होतं. मी ते वापरत नाही, दर वाक्याला गाणं खालीवर होतं. त्यापेक्षा २०२४.२ या आवृत्तीत आलेलं ‘साउंड स्प्लिट’ मला आवडतं. एका कानात एनव्हीडीए, दुसऱ्यात बाकी सगळं. एनव्हीडीए, ऑल्ट आणि एस. कॉलवर असताना एका कानाने गिऱ्हाइकाचं ऐकतो आणि दुसऱ्याने खात्याचा आकडा. दोन आवाजांत कोण मोठा हा प्रश्नच उरत नाही.

---

सुरपेटी | मंगळवार, सकाळी ७:५०

दादा, तुमचं वाचून बराच वेळ बसून राहिले. आमच्याकडेही कुणी पाहुणे आले की सहज माझ्या संगणकाचा आवाज शून्य करतात. दुसऱ्या कुणाच्या मशीनला असा हात लावताना यापुढे मला तुमची ती वीस मिनिटं आठवतील.

सकाळचा भैरव आत्ताच संपला. मुलीने तिच्याकडे तानपुरा लावला, मी माझा माझ्याकडे. स्पीकरच्या बटणावर जिथे पुरेसा होतो तिथे एक लाल टिकली लावली आहे, म्हणजे साफसफाईत हललं तरी परत सापडेल. आजोबांनाही जाऊन सांगून आले.

आणखी एक गोष्ट दिसली, मीटिंगचं ॲप माझ्या माइकची विंडोजमधली पट्टी आपणच हलवतं. मी आलापाला हळू सुरुवात केली की ती वर चढते, तान आली की धाडकन खाली. मुलीला माझा चढउतार कळतच नाही, सगळं एका उंचीवर जातं. हे थांबवता येईल का?

---

टेपवाला | मंगळवार, सकाळी ९:३०

येईल. ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली ॲडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम’ अशी खूण असते, ती काढा. मग सगळ्यात चढी तान घेऊन विंडोजमध्ये माइकची पातळी अशी लावा की तेव्हाही मीटर टोकाला लागणार नाही. आलाप हळू गेला तरी जाऊ द्या, तो तसाच असायला हवा.

आवाज बाहेर जाताना ॲपची पट्टी सिस्टमला सहसा हात लावत नाही, आत येताना मात्र बरीच ॲप सरळ सिस्टमची पट्टी ओढतात. म्हणून एका ॲपने बिघडवलेली माइकची पातळी दुसऱ्या ॲपमध्येही तशीच मिळते. रेकॉर्डिंग करण्याआधी एकदा बघत जा.

---

सुरपेटी | मंगळवार, रात्री ८:२०

खूण काढली. मंद्रातला पंचम आज तिच्यापर्यंत मंद्रासारखा पोचला.

कानांनी वाचतो दादा, तुम्हाला एक विचारायचं आहे. माझ्याकडे पुढच्या महिन्यापासून एक अंध मुलगा शिकायला येणार आहे, तोही संगणकावरून. गाताना मध्येच त्याचं एनव्हीडीए बोलू लागलं तर त्याने काय करावं? त्याचा आवाज मिक्सरमधून कमी करायला सांगू का?

---

कानांनी_वाचतो | मंगळवार, रात्री ९:१०

मिक्सरमधून नको ताई, मग परत वर आणताना त्याला स्वतःचंच मशीन ऐकू येणार नाही. एनव्हीडीए आणि एस दाबलं की बोलण्याची पद्धत बदलत जाते. त्यातली एक बोलणं बंद करते, आवाजाच्या पट्ट्या आहेत तिथेच राहतात. गाणं झालं की त्याच कळांनी परत. त्याला आधी हेडफोन घ्यायला सांगा, म्हणजे तोवर चुकून काही बोललं तरी ते तुमच्यापर्यंत येणार नाही. आणि पहिल्या तासाच्या आधी पाच मिनिटं मला फोनवर घ्या, मी त्याच्याबरोबर एकदा करून बघतो.